पहिलीतला हात

पहिलीतलं लेकरू लिहायला बसलं की त्याचं सगळं अंग लिहायला बसतं. एक पाय पोटाशी दुमडलेला, दुसऱ्या पायाचा अंगठा सतरंजीच्या सुटलेल्या दोऱ्यात अडकवलेला, नाक पाटीपासून चार बोटांवर, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. पेन्सिल मुठीत, आणि मुठीतलं सगळं बळ तिच्या टोकावर. 'अ' काढायचा म्हणजे आधी वरचा अर्धगोल, मग खालचा, मग आडवी दांडी, मग उभी रेघ. उभी रेघ खाली उतरता उतरता पुष्कळदा पाटीच्या चौकटीवर चढते. शेवटी डोक्यावरची शिरोरेघ. ती ओढून झाली की जीभ आत जाते, खांदे सैल होतात आणि लेकरू मान वर करून पाहतं. आधी मॅडमकडे, मग शेजारच्याच्या पाटीकडे.

खाप्याच्या एका प्राथमिक शाळेत मी अधूनमधून गोष्टी सांगायला जातो. गोष्ट संपली तरी तिथून उठवत नाही. मागच्या भिंतीला टेकून बसायचं आणि लेकरांचे हात पाहायचे, असा एक छंदच जडला आहे. शाळेत ही लहान लेकरं काय शिकतात असं कुणी विचारलं तर आपण अक्षरं, अंक, गाणी असं सांगून मोकळे होतो. ते खोटं नाही. पण पहिली-दुसरीतला बराचसा अभ्यास हात करत असतो, आणि तो हात घरून येताना रिकामा येत नाही, हे मला या भिंतीपाशी बसून बसून कळत गेलं.

खापा नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हानच्या उंच काठावर. इथली नगरपालिका 1867 सालची; गाव लहान असलं तरी त्याचं शहरपण जुनं. ते कापडानं आणलं. विणकरांची घरं, घरात हातमाग, दारात वाळत घातलेलं सूत, ही या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. मागांची खटखट आता पूर्वीसारखी गल्लीभर ऐकू येत नाही, पण घराच्या कोपऱ्यात जुना धोटा, मोडकी फणी अजून सापडते. गावाबाहेर पडलं की भाजीपाल्याचे मळे, कपाशी, पुढं संत्र्याच्या बागा. आणि जवळच गुमगावची मॅंगनीजची खाण.

या सगळ्या घरांतली लेकरं एका सतरंजीवर येऊन बसतात. विणकराच्या घरच्या पोरीनं आजीजवळ बसून कांड्या भरलेल्या असतात. सुताचं टोक दोन बोटांत किती दाबायचं, किती सैल सोडायचं, हे तिच्या बोटांना अक्षरांच्या आधी ठाऊक. मळ्यातलं पोरगं पालकाची जुडी बांधतं; देठ सारखे करायला ती जुडी जमिनीवर आपटायची तेव्हा किती हळू आपटायची, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. खाणीत कामाला जाणाऱ्या बापाच्या पोराच्या खिशात एक काळा दगड असतो. त्यानं तो एकदा माझ्या तळहातावर ठेवला. दिसतो त्याच्या मानानं तो फार जड. माझा हात खाली गेला, आणि त्याला तेच पाहायचं होतं. पेन्सिल या हातांना नवी असते. धरणं नवं नसतं.

विदर्भात शाळा उशिरा उघडते. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला घंटा होते तेव्हा इथं अजून अंगाची लाही होत असते, म्हणून आमची घंटा महिनाअखेरीकडं सरकते. पहिला पाऊस आणि पहिला दिवस मग कधी कधी जोडीनंच येतात. त्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, नवी पुस्तकं, एखादं फुलाचं रोप किंवा फुगा. नव्या लेकरांचे पाय रंगात बुडवून कागदावर ठसा घेतात. ओला रंग तळव्याला गार लागतो. कुणी खुदकन हसतं, कुणी आईच्या पदरात तोंड खुपसतं. एका पोरीनं पायाचा ठसा झाल्यावर आपणहून हातही पुढं केला. मॅडमनी तोही घेतला. कागदावर एक पाऊल आणि एक पंजा शेजारी शेजारी आले. बाकीच्या लेकरांनी ते पाहिलं आणि मग सगळ्यांनाच पंजा हवा झाला. रंग संपला, पण त्या दिवशी रडणारं एकही लेकरू वर्गात उरलं नाही.

भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आहे. संत्र्याच्या मुलखातली ही लेकरं 'अ' शिकतात ती अननसावरून. पुष्कळांनी अननस चित्रातच पाहिलेला असतो. 'ऐ'ची ऐरण तर घरच्या मोठ्यांनाही आठवून सांगावी लागते. कोथिंबिरीचं चित्र दाखवलं की वर्ग एका सुरात 'सांबार' म्हणतो, बटाट्याला 'आलू'. आमच्या मॅडम दोन्ही म्हणवून घेतात, आधी घरचं, मग पुस्तकातलं. त्यांचा तो क्रम मला फार आवडतो.

मग येतात काना-मात्रा. शासनाच्या 2009 च्या निर्णयानं ॲ आणि ऑ वर्णमालेत आले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. घरी आजी बाराखडी म्हणवून घेते, तेव्हा नातवंडं तिला दोन घरं जास्तीची म्हणून दाखवतात. वर्गात ही चौदाखडी तोंडानं म्हणायची आणि बोटानं हवेत काढायची. 'पहिली वेलांटी' म्हटलं की चाळीसेक हात एकदम वर जातात आणि तेवढ्या अदृश्य वेलांट्या खोलीत उमटतात. या पहिल्या वेलांटीपाशी लेकरं अडतात. 'किती' म्हणताना तोंड 'क' आधी उच्चारतं, इकार मागून येतो. हाताला मात्र वेलांटीची दांडी आधी मांडून ठेवावी लागते आणि मग 'क' काढावा लागतो. जे कानाला मागून ऐकू आलं ते हातानं आधी लिहायचं! आपण मोठी माणसं रोज हे करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. सहा वर्षांच्या हाताला तो उलटा उंबरठा ओलांडायचा असतो. काही लेकरं कित्येक दिवस 'क' काढून थांबतात, मग डावीकडे जागा शोधतात, आणि जागा नसली की वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावरून ओढून आणतात. अशी एक पाटी मी पाहिली. चुकलेलीच होती ती. पण त्या वेलांटीनं केलेला प्रवास पाहून मला ती पुसवली नसती.

आकड्यांतही हेच. चिंचोके मोजून झाले की काड्या येतात. दहा काड्या झाल्या की त्यांना रबर लावायचं आणि गठ्ठा करायचा. हा दशक. सुट्ट्या उरल्या त्या एकक. दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या समोर ठेवल्या की हात आधी गठ्ठ्यांकडे जातो, पाटीवरही 2 आधी येतो. पण तोंड म्हणतं सत्तावीस, आणि सत्तावीस सातापासून सुरू होतो. म्हणून दुसरीतलं लेकरू ऐकतं सत्तावीस आणि लिहितं 72. एकोणतीस तर आणखी अवघड. हातात दोन गठ्ठे आहेत आणि तोंडात अजून न आलेला तीस आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचायची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढं वादळ उठलं होतं! गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांनी ठिकठिकाणी शांतपणे समजावून सांगितलं, पण ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणाऱ्यांची संख्या मोठी होती. सत्तावीस, अडुसष्ट, त्र्याण्णव हे शब्द मला प्रिय आहेत. ते माझ्या आजीच्या तोंडातले आहेत आणि ते जाऊ नयेत असं मलाही वाटतं. तरी त्या वादात भाषेची काळजी वाहणारे खूप भेटले आणि 72 लिहून बावरलेल्या पोराच्या शेजारी बसणारे थोडे, हे आठवलं की अजून खंत वाटते. सत्तावीस म्हणायला शिकायच्या आधी त्या पोराला दोन गठ्ठे आणि सात काड्या पुष्कळ वेळा हाताळू द्याव्यात, रबर काढून पुन्हा लावू द्यावं, एवढंच मला म्हणायचं असतं. घाई कुणालाच नसावी. पण ती सगळ्यांना असते.

केंद्र सरकारनं 5 जुलै 2021 ला निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, साधे हिशेब करता यावेत, असा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे आणि खाप्याच्या शाळेतही त्याचे तक्ते, कार्डं, गोष्टींची पुस्तकं आली आहेत. लेकरं ती कार्डं जमिनीवर पसरतात, जुळवतात, उलटी ठेवतात, कोपरे दुमडतात. पुस्तकाचे कोपरे दुमडलेले दिसले की मला बरं वाटतं.

हातानं शिकायचं म्हटलं की वर्धा आठवतं, आणि वर्धा खाप्याहून फार लांब नाही. तिथं 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींच्या बोलावण्यावरून देशभरातली शिक्षणातली माणसं जमली होती. मूल हातानं काम करत करत शिकेल, कामातूनच भाषा, गणित, भूगोल उमलेल, असा विचार तिथं मांडला गेला आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याला अभ्यासक्रमाचं रूप दिलं. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी यांनी ती नयी तालीम वर्षानुवर्षं प्रत्यक्ष चालवली. तकली, शेत, स्वयंपाक, सफाई. काढलेल्या सुताची लांबी मोजताना येणारं गणित. त्याबद्दल वाचताना माझं मन भरून येतं. आणि त्याच वेळी खाप्यातल्या एका म्हाताऱ्या विणकराचं बोलणं कानात येतं. तो म्हणाला होता, "आमची जिंदगी खड्ड्यात पाय सोडून गेली बापा. पोराईले नको ते." खड्डामागावर बसणाऱ्याचे पाय खरोखरच खड्ड्यात असतात. त्याच्या गुडघ्यांकडं पाहिल्यावर त्याच्याशी वाद घालायला माझ्याजवळ काही उरत नाही. गांधीजींना शाळेत सूत यावं असं वाटत होतं, आणि विणकराला शाळेनं आपल्या पोराला सुतापासून सोडवावं असं वाटतं. ज्याच्या घरी सूत नव्हतं त्याच्या हाती तकली देणं वेगळं, आणि ज्याचं बालपण सुतातच गेलं त्याला ती देणं वेगळं. हे दोन्ही विचार मी बरीच वर्षं मनात बाळगून आहे आणि त्यांचं भांडण मिटवायची मला गरज वाटत नाही.

एवढं मात्र वाटतं, की त्या म्हाताऱ्याच्या नातीनं विणकर व्हावं म्हणून नव्हे, पण तिच्या बोटांना काय येतं ते तिच्या शाळेला माहीत असावं. एकदा माळ ओवायचं काम होतं. ज्या पोरीच्या वाचनाबद्दल मॅडमना काळजी होती, तिनंच सगळ्यांच्या आधी दोरा ओवला. तुटला तर गाठ मारली, ती गाठ मण्यातून पार होईल इतकी बारीक. शेजारच्या तिघींनी आपले दोरे तिच्यापुढं धरले. त्या दिवशी तिचा आवाज वर्गात पहिल्यांदा मोठा निघाला. त्यानंतर ती वाचू लागली असं मी सांगणार नाही. तसं काही लगेच घडलं नाही. पण ती दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसली.

बालशिक्षणाला आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांच्या संसाराची काही वर्षं अमरावतीत गेली, म्हणून आम्ही विदर्भातली माणसं त्यांना थोडं आपलं समजतो. 1945 साली बोर्डीला त्यांनी बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या, आणि पुढं दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं गुरांमागं जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरांचं एक लक्ष गुरांवर, आणि पानं, बिया, दगड हेच शिकायचं साहित्य. अंगणवाडीचं नावही त्यांच्याच कामातून आलं. बाई पोरांच्या अंगणात जाऊन बसल्या, म्हणून. आता प्रत्येक गल्लीत अंगणवाडी आहे आणि खाप्यातली पोरं तिथूनच पहिलीत येतात. ते नाव घेताना त्या दोघी कुणाच्या अंगणात बसल्या होत्या हे मला आठवतं, आणि खडू-फळ्यापलीकडं शाळा किती लांब चालत जाऊ शकते, हेही.

दुपारी हात धुवायला रांग लागते. नळाखाली एकाच वेळी चार जोड्या हात, साबणाची वडी निसटून नालीकडं जाते आणि तिच्यामागं तिघं धावतात. शालेय पोषण आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 ची. सुरुवातीला पुष्कळ वर्षं लेकरांच्या पिशवीत कोरडा तांदूळ जायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न ताटात येऊ लागलं. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे रोजचं धान्य 100 ग्रॅम. तेवढ्याची खिचडी, कधी मटकी, कधी वाटाणा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना कुणाला तिखट सोसत नाही ते नावानिशी ठाऊक असतं. पंगत बसते. मांडीला मांडी लागते. ही लेकरं ज्या घरांतून येतात, त्या घरांच्या आज्यापणज्या एका पंगतीला बसल्या नसत्या. आजही काही घरांत ते सहज होत नाही. इथं कुणाच्या ताटातला भाताचा डोंगर उंच एवढाच वाद असतो. सगळ्यांना वाढून होईपर्यंत खिचडीत हात घालायचा नाही, हा नियम पहिलीतल्या लेकराला सगळ्यांत जड जातो. बोट ताटाच्या कडेपर्यंत जातं, परत येतं, पुन्हा जातं. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींत मी याला फार वरचं स्थान देतो, आणि कुठल्याही प्रगतिपत्रकात त्यासाठी रकाना नाही.

शनिवारी दप्तर नसतं. 2024 पासून शासनानं त्याला 'आनंददायी शनिवार' असं नाव दिलं. खेळ, गाणी, चित्रं, मातीकाम. पोळा जवळ आला की मातीला मागणी वाढते, कारण आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हा लेकरांचा पोळा, भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला असं नागपूरकडं सांगतात. लाकडाचा चाकं लावलेला बैल सजवायचा, दोरीनं ओढत दारोदार न्यायचा, आणि मोठ्यांनी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, द्यायचा. लेकरंही नटतात, कुणी शेतकरी होतं, कुणी शिवाजी, कुणी डॉक्टर.

गेल्या पोळ्याच्या आधीच्या शनिवारी वर्गात चिकणमातीचे बैल चालले होते. मॅडमनी फळ्यावर काही काढून दाखवलं नाही. "तुमच्या मनातला बैल करा," एवढंच म्हणाल्या. कुणी वशिंडापासून सुरुवात केली, कुणी शेपटापासून. खाणीतल्या दगडवाल्या पोरानं दगड आत घालून वर माती लिंपली, म्हणजे बैल पडणार नाही. कांड्या भरणाऱ्या पोरीनं वेसण खऱ्या सुताची घातली. एक पोरगी मात्र लांबट, शिंगं मागं वळलेलं, दाढी असलेलं काहीतरी करत होती.

"हे काय गं?" मॅडमनी विचारलं.

"बकरी."

"काहून? बैल नाही केला?"

"आमच्या घरी बैल नाही ना मॅडम. बकरी हाय. तिले काहून नाही पोळा?"

मॅडमनी थोडा विचार केला आणि बकरीला बैलांच्या रांगेत जागा करून दिली. हे पाहताच कोपऱ्यातल्या एकानं आपला अर्धा झालेला बैल मोडला. त्याचा बाप ऑटो चालवतो. त्यानं तीन चाकं वळली, छत लावलं, समोर एक दिवा चिकटवला आणि ऑटो आणून बकरीशेजारी ठेवला. मग दुसऱ्यानं धोटा केला. तिसरीनं आईचं शिलाई मशीन करायला घेतलं आणि त्याचं चाक काही केल्या उभं राहीना, तेव्हा दोघी-तिघी ते धरायला धावल्या. खिडकीची फळी भरली. आता तान्ह्या पोळ्याला तोरणाखालून या सगळ्यांना न्यायचं ठरलं, आणि ऑटोला झूल घालायची तर ती कुठून बांधायची, यावर दुसरीतले आणि पहिलीतले एकमेकांशी तावातावानं बोलू लागले.